जोडावर दुधाची पिशवी बांधू नका: पावसातल्या रोषणाईची वायरिंग

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या कमानीवरची माळ तिसऱ्याच रात्री गेली. सकाळपासून पावसाची भुरभुर चालूच होती. प्लग काढला, शिडीवर चढलो आणि जोड खाली ओढला. त्यावर कुणीतरी दुधाची रिकामी पिशवी चढवून तोंड सुतळीनं करकचून आवळलं होतं. पिशवी हाताला जड लागली. सुतळी कापली तशी पेलाभर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. खाली शिडी धरून उभा असलेला पोरगा म्हणाला, "दादा, पिशवी तर घट्ट बांधलीया की! मग पाणी शिरलं कुठनं?"

पाणी वायरीवरून आलं होतं. कमानीच्या टोकावरून वायर खाली उतरत थेट पिशवीच्या तोंडात जात होती. पावसाचं पाणी त्याच वाटेनं ओघळत आलं आणि सुतळी कितीही आवळली तरी दोन वायरींमध्ये जी बारीक फट राहते तिच्यातून आत गेलं. बाहेर पडायला मात्र जागाच नव्हती. पिशवीनं पाऊस अडवला नाही, साठवला.

पहिल्यांदाच घराला किंवा मंडपाला माळा लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पाणी कुठून ना कुठून येणारच, हे धरून चालायचं. जोडापर्यंत येण्याआधी ते गळून पडेल आणि आत गेलंच तर खाली उतरेल, अशी बांधणी करायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आपला पाऊस

कोल्हापुरात रोषणाईचे सण पावसाला चुकवत नाहीत. गणपती भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसात. नवरात्रात आणि कधीकधी दिवाळीतही परतीचा पाऊस गाठतो. गणपतीतला पाऊस बहुतेक गगनबावड्याच्या बाजूनं, वाऱ्याबरोबर तिरपा येतो. त्यामुळे घराची पश्चिमेकडची भिंत छज्जा असूनही भिजते. प्लग, बॉक्स, ॲडॉप्टर जे काही असेल ते शक्यतो पूर्वेच्या नाहीतर आतल्या बाजूला घ्या. परतीच्या पावसाचा असा भरवसा नाही. तो दुपारी गडगडाटासह कुठूनही झोडपतो, म्हणून दिवाळीच्या माळांना चारी बाजूंचा विचार लागतो.

आधी बोर्ड, मग माळ

टेप आणायच्या आधी घरातल्या मेन बोर्डाकडे जा. तिथे आरसीसीबी आहे का बघा. त्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं आणि बहुतेक 30 एमए असं छापलेलं असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतोय का, हे तो सतत पाहत असतो. कमी परत आला, म्हणजे मध्येच कुठेतरी ओल्या भिंतीतून, लोखंडातून किंवा माणसातून जमिनीत चालला, की तो पडतो. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला त्यानं 0.3 सेकंदाच्या आत पडायलाच हवं.

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारा साधा खटका, हे काम करत नाही. 6 अँपिअरचा एमसीबी 6 अँपिअरच्या वर जाईपर्यंत गप्प बसतो आणि माणसाला मारायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. "एमसीबी आहे की" म्हणून निर्धास्त राहू नका. आरसीसीबी नसेल तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. या लेखातलं एवढं एक काम स्वतः करायचं नाही. असेल तर टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही तर तो बदलल्याशिवाय बाहेर माळ लावू नका. आणि एक मर्यादा ध्यानात असू द्या: एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीला तो साधा लोड वाटतो. त्या वेळी तो वाचवत नाही.

माळेचं बटण बंद केलं म्हणजे माळ बंद झाली, हाही एक गैरसमज. टू पिन टॉप उलटसुलट कसाही बसतो. त्यामुळे बटणानं फेज तुटलाय की न्यूट्रल, हे बाहेरून कळत नाही. न्यूट्रल तुटला असेल तर दिवे विझलेले दिसतील, पण वायरीत 230 व्होल्ट तसेच असतील. म्हणून जोडाला हात लावायच्या आधी पिन टॉप बोर्डातून उपसून खिशात घाला. कुणीतरी मदत म्हणून परत खोचायला नको.

कागदावर दोन रेघा

घराचं ओबडधोबड चित्र काढा आणि जोड कुठे कुठे येणार तिथे फुल्या मारा. मग त्यातल्या निम्म्या फुल्या खोडायचा प्रयत्न करा. 7 मीटर अंतराला 5 मीटरची वायर जोडून पुरवण्यापेक्षा अखंड 8 मीटर वायर विकत घ्या. वाचलेल्या पैशात पुढे जोडाची दुखणी काढत बसावं लागतं. जे जोड टळत नाहीत ते छज्जाखाली, खिडकीच्या आत, गॅलरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला सरकवा. जमिनीवर, कुंडीत, गवतात, पन्हाळीच्या तोंडाखाली एकही जोड नको.

काय आणायचं

बाहेरच्या वापराला तीन कोअरची, म्हणजे आत तीन वेगळ्या वायरी असलेली गोल केबल घ्या, 1 किंवा 1.5 स्क्वेअर एमएमची. घरगुती माळांचा लोड अगदी किरकोळ असतो, विजेच्या हिशेबानं याहून बारीक वायरही चालून जाईल. जाड घ्यायची ती ओढाताण सोसावी म्हणून, आणि गोल घ्यायची ती ग्लँडमध्ये, म्हणजे बॉक्सच्या भोकात वायर आवळून धरणाऱ्या चुडीत, नीट आवळता यावी म्हणून. तिसरी कोअर अर्थिंगची.

काळी इन्सुलेशन टेप सगळ्यांच्या घरी असते आणि सगळे तिच्यावरच सगळं सोडतात. तिचा गोंद ऊन-पावसात सुटतो आणि टोक उघडतं. पाण्यासाठी लागते ती रबर टेप, जी ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते. दुकानात सेल्फ बाँडिंग टेप म्हणून मागा. जोडीला आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आक्रसणारी नळी घ्या. साधी स्लीव्ह फक्त आक्रसते, फट भरत नाही.

प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स आणि त्याला केबल ग्लँड. गल्लीतल्या दुकानात ग्लँड नाही मिळाली तर उद्यमनगरात कारखान्यांना माल देणाऱ्यांकडे विचारा. सिलिकॉन घेताना ट्यूबवर न्यूट्रल लिहिलंय ना, ते बघा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. एम-सील मी जोडावर वापरत नाही. एकदा वाळलं की दगड होतं, आत काय चाललंय ते फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि वायर हलली की कडेनं तडकतं.

खोक्यावर आयपी 44, आयपी 65 असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, 5 म्हणजे पाण्याची धार चालेल, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. छज्जाखाली 44 पुरतं, उघड्यावर 65 घ्या. मात्र हा आकडा कारखान्यातून जसा आला तशा मालाचा असतो. बॉक्सला तुम्ही वायरीसाठी भोक पाडून ते तसंच मोकळं सोडलंत, की आकडा खोक्यावरच राहिला.

जोड बांधताना

आता खरं काम. केबलला माळेची वायर जोडायची आहे. केबलचं वरचं आवरण 8 सेंटीमीटर सोला. आतल्या फेज आणि न्यूट्रलची लांबी सारखी ठेवू नका. एक 3 सेंटीमीटरनं आखूड कापा आणि माळेच्या बाजूला त्याच्या बरोबर उलट. म्हणजे दोन जोड समोरासमोर न येता पायरीनं येतील. पुढे टेप ढिली पडली तरी तांबं तांब्याला भिडणार नाही. केबलमधली अर्थिंगची कोअर माळेला लागणार नसेल, तर तिचं टोक वेगळी स्लीव्ह घालून बंद करा, उघडं लोंबू देऊ नका.

वायर पिळायच्या आधी स्लीव्ह ओवून घ्या. हे मी इतक्या वेळा विसरलोय की आता स्लीव्ह ओवल्याशिवाय पक्कड हातातच घेत नाही. टोकं दीड सेंटीमीटर सोला, तांब्याच्या तारा एकमेकींत घालून पकडीनं घट्ट पिळा. क्रिम्पिंगचं (तारांवर धातूची नळी दाबून बसवायचं) हत्यार असेल तर उत्तम, नसेल तर सोल्डर करा, पण सोल्डर केलेला भाग वाऱ्यानं हलणार नाही असा ठेवा, नाहीतर त्याच्या कडेलाच तार तुटते. पिळलेलं टोक दुमडा, म्हणजे टोचून स्लीव्हमधून बाहेर यायचं नाही. मग स्लीव्ह जोडावर सरकवून हीट गननं तापवा. लायटर वापरलाच तर लांबून आणि सतत फिरवत. स्लीव्हच्या दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी डोकावला की समजायचं, बसली.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पायरीत आहे. माळेच्या दोन बारीक वायरी जिथे जोडात शिरतात, तिथे त्यांच्यामध्ये खाच राहते. वरून कितीही टेप गुंडाळा, ती खाच बोगद्यासारखी उघडीच राहते. रबर टेपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, ताणा आणि दोन वायरींच्या मधे दाबून बसवा. खाच बुजली की मग गुंडाळायला लागा. टेप ताणून जवळजवळ दुप्पट लांब होऊ द्या, प्रत्येक वेढा मागच्यावर निम्मा चढवा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना 3 सेंटीमीटर पुढे जा. ताणली नाही तर ही टेप एकजीव होत नाही, नुसता रबराचा पट्टा राहतो.

तिच्यावर काळ्या टेपचे दोन थर, ऊन आणि घासणं सोसायला. यात दिशा महत्त्वाची. वायर ज्या टोकाला खाली असेल तिथून सुरू करून वर चढत जा. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, तसा वरचा वेढा खालच्या वेढ्यावर आला पाहिजे, म्हणजे ओघळ बाहेरूनच उतरतो. वरून खाली गुंडाळलंत तर प्रत्येक कड पाण्यासाठी ओंजळ धरून बसते. शेवटचा वेढा न ताणता नुसता दाबून बसवा. ताणून सोडलेलं टोक चार दिवसांत कुत्र्याच्या शेपटीसारखं वर वळतं.

झोळ

कुठलीही वायर जोडात, बॉक्समध्ये किंवा खिडकीत जाण्याआधी खाली उतरून मग वर चढली पाहिजे. बॉक्सच्या खाली चार बोटं झोळ सोडा. वायरीवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, वर चढत नाही. याला एक पैसा लागत नाही. कमानीवरच्या त्या जोडाला नुसता झोळ असता, तर पिशवीची गरजच पडली नसती.

बॉक्स

वायरी नेहमी बॉक्सच्या तळातून घ्या. वरून कधीच नाही, बाजूनं अगदीच नाइलाज असेल तर. एका ग्लँडमधून एकच गोल केबल. माळेची पिळाची बारीक वायर ग्लँडमध्ये नीट आवळली जात नाही, तिच्यावर आधी गोंदवाली स्लीव्ह चढवून गोल करून घ्या.

एवढं करूनही बॉक्समध्ये ओल येते, आणि त्यात तुमची चूक नसते. दुपारी ऊन पडलं की आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की बॉक्स गार होतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो. तीच आत दवासारखी धरते. म्हणून मी साध्या जंक्शन बॉक्सच्या तळाला, सगळ्यात खालच्या जागी 4 मिलिमीटरचं भोक पाडतो. सिलिकॉननं सगळं लिंपून टाकणाऱ्यांना हे पटत नाही. पण वर्षानंतर दोघांचे बॉक्स उघडून बघा. अर्थात कारखान्यातून सीलबंद आलेल्या आयपी 67 ॲडॉप्टरला भोक पाडायचं नाही. आणि आतली कनेक्टर पट्टी तळाला टेकवू नका, पाठीला स्क्रूनं उंचावर बसवा.

माळेला माळ

एका माळेच्या शेपटाला दुसरी माळ खोचायची सोय असते. ही खोच पावसासाठी बनवलेलीच नसते. ती छज्जाखाली येईल अशी योजना करा. नाहीच जमलं तर खोचल्यावर खाच बुजवून रबर टेप, वर सांगितली तशीच. सगळ्यात शेवटच्या माळेचं रिकामं शेपूट मात्र बहुतेक जण विसरतात. त्यात वीज असते. लोंबतं, उघडं, लहान पोरांच्या हाताच्या उंचीवर. त्याला टोपण नसेल तर टेप लावून तोंड खाली करून बांधा.

एलईडी पट्टी आणि 12 व्होल्ट

सिलिकॉनच्या नळीतली पट्टी कापली की कापलेल्या टोकाशी तिचं पाणीरोधकपण संपलं. टोकाला टोपण आणि न्यूट्रल सिलिकॉन हवंच. पट्टीला 12 व्होल्टच असतात म्हणून लोक तिला बिनधास्त हाताळतात, पण तिच्या पॉवर सप्लायमध्ये एका बाजूला 230 येतात. तो घरात ठेवावा तर वेगळी अडचण. मीटरला 60 दिव्यांची, 14.4 वॅटची 5 मीटर पट्टी 6 अँपिअर ओढते. 1 स्क्वेअर एमएमच्या वायरीनं 10 मीटर लांब नेलंत तर जवळपास 2.2 व्होल्ट वायरीतच जातात आणि पट्टी मंद पेटते. 2.5 ची वायर घेतली तर ही घट 1 व्होल्टच्या आत येते. मी तीच घेतो आणि सप्लाय खिडकीच्या आत ठेवतो. ज्यांना बाहेरच ठेवावा लागतो त्यांनी सीलबंद घ्यावा, वायरी खाली येतील असा उभा टांगावा.

मंडपवाल्यांसाठी थोडं

वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवरूनच घ्या, खांबावर आकडा टाकून नाही. लोखंडी सांगाडा आणि ट्रस असेल तर त्याला अर्थिंग करून घ्या. माळा बाइंडिंग वायरनं बांधू नका. वाऱ्यानं घासून ती प्लास्टिक कापते आणि ओला सांगाडा जिवंत होतो. नायलॉन दोरी नाहीतर केबल टाय वापरा. रस्त्यावरून माळ ताणायची तर आधी दोरी ताणा, तिच्यावर माळ सोडा. वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे शिडी लावायचीच नाही. पंचगंगा घाटावरच्या त्रिपुरारीच्या पणत्यांना यातलं काहीच लागत नाही, हे दरवर्षी ट्रसवर चढताना आठवतं.

पाणी घालून बघा

सगळं लावून झालं की पिन टॉप बाहेरच ठेवा. प्रत्येक बॉक्समध्ये वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा टाकून झाकण लावा. झाडांची झारी घ्या आणि वरून, मग पश्चिमेकडून तिरपं, असं पाच मिनिटं पाणी घाला. तासाभरानं झाकण उघडा. कागद कोरडा असेल तर पुढे चला. ओला असेल तर पाणी कुठल्या वायरीनं आलं ते कागदाच्या कडेवरून बरोबर कळतं. बाहेरून कोरडं झाल्यावर वीज द्या.

आणि मग भर पावसात एका रात्री आरसीसीबी पडेल. त्या वेळी मंडळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ते ईएलसीबी लई तरास देतंय, बायपास कर की!" असं म्हणणाऱ्याला आधी चहा आणायला पाठवा. मग सगळ्या माळांच्या पिना काढा, आरसीसीबी वर करा आणि एकेक माळ खोचत जा. ज्या पिनेला तो पुन्हा पडेल, ती माळ त्या रात्रीपुरती काढून ठेवा. कधीकधी एकही माळ एकटीनं त्याला पाडत नाही, सगळ्या लावल्या की मात्र पडतो. म्हणजे थोडी थोडी गळती बऱ्याच जोडांतून चालली आहे आणि तिची बेरीज झाली आहे. अशा वेळी सकाळी उजेडात सगळे जोड तपासायचे. माळ जोडलेल्या वायरीत पाऊस चालू असताना हात घालायचा नाही, टेस्टरचा दिवा पेटला नाही तरी. टेस्टरवर विसंबून मी एकदा बोटं भाजून घेतली आहेत.

उतरवल्यावर

माळा ओल्याच पोत्यात भरू नका. सावलीत दोन दिवस टांगा, मग पुठ्ठ्यावर गुंडाळा. टेप ओढून काढू नका, कटरनं उभी चिरून काढा आणि आतलं तांबं बघा. हिरवं किंवा काळं पडलं असेल तर पाणी वायरीच्या आत, तारांच्या मधून चढलेलं असतं. नुसतं टोक घासून भागत नाही. इंच इंच कापत लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. कमानीवरच्या त्या वायरीचं मला सव्वा फूट कापावं लागलं होतं.